बेकसाहेबांची पोटरी

माणूस आठवला की आधी त्याचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. बेकसाहेब आठवले की मला त्यांची पोटरी दिसते. डावी. गोरी, बिनकेसाची, सोललेल्या मुळ्यासारखी, आणि तिच्यावर आडवे लाल वळ. त्यातले दोनतीन माझ्या हातचे. शिकवणाऱ्या माणसाच्या अंगावर आपल्या हातचा वळ उठला होता हे सांगताना आजही मान खाली जाते. पण या माणसाची ओळख करून द्यायची तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

मी सातवी नापास. लिहिणं हे माझं काम नाही. आमची मंदा होती तोवर गरजही नव्हती. तिला हा माणूस न बघताच फार आवडायचा. कुणी पाहुणा आला की म्हणायची, "अहो, यांना तुमच्या कोरियन मास्तरांचं सांगा ना." मी सांगायला लागायचो, आणि लाज वाटायची ती जागा आली की आवरतं घ्यायचो. मग राहिलेलं ती सांगायची. ती गेली त्याला अजून वर्ष व्हायचं आहे. आता राहिलेलं सांगायला कुणी नाही, म्हणून सगळं मलाच लिहावं लागतंय.

रियाधच्या कडेला सुलै म्हणून भाग आहे. सगळी गोदामं, गॅरेजं आणि कुंपण घातलेली यार्डं. तिथे एका कोरियन कंपनीचं पाण्याच्या पाइपांचं यार्ड होतं, आणि मी त्यात खलाशी. खलाशी म्हणजे जहाजावरचा नव्हे. ओझ्याला पट्टा बांधणारा, दोरी धरून ते जागेवर आणणारा. दम्मामला जहाजातून उतरलेले पाइप ट्रेलरवरून आमच्याकडे यायचे, रचून ठेवायचे, मागणी येईल तसे पुन्हा ट्रेलरवर चढवायचे. काही पाइप एवढे मोठे, की आत माणूस सरळ उभा राहील. आमच्या टोळीत पंधरावीस जण, निम्मे केरळ-आंध्रातले, थोडे बांगलादेशी, आणि आपल्या भाषेतले आम्ही दोघंच. मी आणि क्रेन चालवणारा इस्माईलभाई. तो मुरुडकडचा, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, आवाज असा की क्रेनचं इंजिन चालू असताना खाली उभ्या माणसाला शिवी स्पष्ट ऐकू यावी.

टोळीचे मुकादम बेकसाहेब. बुटके, पन्नाशी ओलांडलेले, मानेवर कापड लोंबणारी टोपी, गळ्यात पितळी शिट्टी. भर उन्हात थर्मासमधून भाजलेल्या सातूचं कढत पाणी प्यायचे. पाइप उचलायच्या आधी त्याच्यावर तळहाताने थाप मारायचे, आपण म्हशीला उठवताना मारतो तशी. आणि लाजायचे. एवढा लाजणारा पुरुष मी दुसरा बघितला नाही. शिंक आली तर पाइपाकडे तोंड करून शिंकायचे. मेसमध्ये भात कच्चा राहिला की आचारी खुशाल बिडी ओढत बसायचा आणि कान लाल व्हायचे बेकसाहेबांचे, जणू तो भात त्यांनीच शिजवलाय. दोन्ही हातांनी कान धरून म्हणायचे, "पुक्करप्ता." म्हणजे लाज वाटते. कोरियन भाषेतला हा पहिला शब्द मी शिकलो, तोही कुणी न शिकवता.

पुढचे शब्द त्यांनी शिकवले. त्याला कारण झाला तो यार्डातला भाषेचा गोंधळ. एकाच वस्तूला केरळवाला एक नाव घ्यायचा, इस्माईलभाई दुसरं, कोरियन तिसरं, आणि ट्रेलरचा सौदी ड्रायव्हर चौथं, तेही "यल्ला, यल्ला" करत ओरडून. चुकीचा पाइप चढला की परत उतरवायचा. एके दिवशी संध्याकाळी, मगरिबची अजान झाल्यावर, जेवणाच्या आधी, बेकसाहेब आम्हाला मेसमध्ये घेऊन बसले आणि हात हलवून म्हणाले, "नेम, नो. नेम टू मच. हाऊ इज? टेल."

म्हणजे नावं सोडा. वस्तू कशी आहे ते सांगा. मोठी, लहान, लांब, जड, गंजलेली. असे थोडे शब्द आले की यार्ड चालतं. एवढंच त्यांचं शास्त्र, आणि ते खरंही होतं. पण त्यात एक मेख होती. आपण 'मोठा' म्हणतो तो शब्द आपल्यात सुटा असतो. कोरियनमध्ये तसा नसतो. त्यांचा शब्द 'खुदा', आणि त्याचा अर्थ 'मोठं आहे'. आख्खं वाक्यच. ते बोललं की विषय संपला, हातात वस्तू काही येत नाही. वस्तू हवी असेल तर त्या शब्दाची 'दा' ही शेपटी कापायची, तिथे 'न' लावायचा आणि पुढे 'गॉ' जोडायचा. गॉ म्हणजे वस्तू. 'खुन गॉ'. मोठं असलेलं ते. 'किल्दा' म्हणजे लांब आहे. त्याचं 'किन गॉ', लांब असलेलं ते, आणि मधला 'ल' गायब. जडाचं 'मुगौन गॉ', ते तर आणखी वाकडं. काही शब्द मुकाट्याने शेपटी कापून घ्यायचे, काही नवऱ्यामुलासारखे रुसायचे.

'खुदा' शब्द आला त्या दिवशी इस्माईलभाई उठून उभा राहिला. "साहेब, ये तो हमको आता है. खुदा बडा है. इसमें सिखाने का क्या है?"

सगळे हसले. बेकसाहेबांना कळेना. कुणीतरी वर बोट करून त्यांना समजावलं, तेव्हा त्यांचे कान लाल झाले आणि त्यांनी घाईघाईने डोक्यावरची टोपी काढली. त्यानंतर तो एक शब्द ते नेहमी हळू आवाजात उच्चारायचे.

मी एकदा वाद घातला. माझी खोड. म्हटलं, "साहेब, हमारे में 'मोठा दे' बोला तो आदमी मोठाच देता है. ये गॉ किसलिए?"

त्यांनी मला बाहेर नेलं. क्रेनच्या हुकाकडे बोट दाखवलं. "खुन, खुन, खुन," असं म्हणत ते बोट हवेत झुलवत राहिले. "वर्ड हँगिंग. मॅन अंडर." मग हात सावकाश खाली आणला आणि जमिनीवर टेकवला. "गॉ."

आमच्या यार्डाचा पहिला नियमच तो होता. ओझं हवेत लटकत ठेवून कुणी जागा सोडायची नाही. ना क्रेनवाल्याने, ना दोरी धरणाऱ्याने, आणि शिट्टीवाल्याने तर मुळीच नाही. त्यांच्या लेखी शब्दालाही तोच नियम होता. मला पटलं. न पटून सांगतो कुणाला?

आता काठीचं. बुरैदाहून खजूर आणणाऱ्या ट्रकवाल्याकडून त्यांनी झावळीची एक काठी मागून घेतली होती. बोटाएवढी जाड, सोललेली, लवलवती. ती मेसच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली असायची. आम्हाला वाटलं, झालं, आता म्हातारपणी आम्ही छड्या खाणार. आंध्रातला राजय्या म्हणून एक होता. तो एका संध्याकाळी तेच तेच चुकत राहिला. बेकसाहेबांनी काठी काढली. राजय्याने हात पुढे केला. साहेबांनी काठी त्याच्या त्या हातात ठेवली, आपली पँट गुडघ्यापर्यंत वर गुंडाळली, पाठमोरे झाले आणि पोटरीवर टिचकी मारून म्हणाले, "हिट."

कुणाला काही समजेना. राजय्या तर रडायच्या बेताला आला. मग त्यांनी तोडक्यामोडक्या बोलण्यात सांगितलं. त्यांच्या गावाकडे मास्तर चुकणाऱ्या पोराच्या पोटरीवर मारायचा. त्यांचे वडील मास्तरच होते. पण वडिलांची रीत अशी, की पोरगा पुन्हा पुन्हा चुकला तर छडी पोराच्या हातात द्यायची आणि स्वतःची पोटरी पुढे करायची. पोराला येत नाही म्हणजे शिकवणाराच चुकलाय.

राजय्याने मारलं. मारलं कसलं, गादीवरची धूळ झटकली. "अगेन," साहेब म्हणाले. नीट बसेपर्यंत ते पोटरी हलवायचे नाहीत. ज्याच्या पाया पडायचं त्याच्याच पायावर छडी मारायची! माझी पाळी आली तेव्हा मला घाम फुटला. रात्रीचं जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर लुंग्या नेसलेले बाप्ये बिछान्यावर बसून "किन गॉ, मुगौन गॉ" घोकतायत. छडी आपल्याला पडणार असती तर कुणी शिकलं नसतं. आम्ही शिकलो ते भीतीने नव्हे, लाजेने.

इस्माईलभाई तेवढा काठीला शिवायचा नाही. "मी चुकलो तर मना दोन थोबाडीत दे," तो त्यांना सरळ मराठीतच सांगायचा, "उस्तादावर हात नाय टाकायचा मी." आणि चुकायचाच नाही. सगळ्यांत आधी तोच शिकला.

एकदाच साहेबांनी वर्गाबाहेर काठी काढली. झाडू मारायला नवीन बांगलादेशी आला होता, रंगाने काळा. आमच्यातला एकजण त्याच्याकडे बघून म्हणाला, "कॉमुन गॉ." म्हणजे काळं असलेलं ते. शब्द कोरियनच होते, शेपटीही बरोबर कापलेली. त्याला वाटलं शाबासकी मिळेल. बेकसाहेबांनी शिट्टी वाजवून सगळं काम थांबवलं. भर उन्हात टोळी गोळा केली. "गॉ, थिंग," ते म्हणाले. एका पाइपावर थाप मारली. मग त्या झाडूवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "साराम. मॅन, साराम." वस्तूला गॉ लावायचं. माणसाला लावायचं नाही; माणसाला साराम. आणि मेसमधून काठी मागवली. ज्याने थट्टा केली त्याच्याकडून सगळ्यांसमोर पोटरीवर मारून घेतली. तो झाडूवाला बिचारा भिंतीला टेकून डोळे मिटून उभा होता. त्याला काय वाटलं असेल, देव जाणे.

मग लढाईचं आलं. आधी नुसत्या बातम्या होत्या. मग रस्त्यांवर लष्करी ट्रकांच्या रांगा लागल्या, आमच्याच यार्डातले पाइप सैन्याच्या तळावर जायला लागले, काम दुप्पट झालं. इराककडून बाँब येणार, त्यात विषारी वायू असणार, असं जो तो बोलत होता. कंपनीने ऑफिसातली एक खोली प्लास्टिक आणि चिकटपट्ट्या लावून बंद केली आणि कोरियन माणसांना तोंडावर लावायचे मुखवटे दिले. भोंगा झाला की त्यांनी त्या खोलीत जायचं. आम्हाला सांगितलं, टॉवेल ओला करून तोंडावर धरा. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे आम्हाला तिकडे आणणाऱ्या मालकाकडे, जमा; निघून जायचं तरी कुठे? शेवटी आम्हीच मोठ्या पाइपांच्या तोंडाशी वाळूच्या गोणी रचल्या. भोंगा झाला की आत शिरायचं.

गोणी रचायला बेकसाहेब होते. कान लाल. दर गोणीला "पुक्करप्ता" म्हणत होते. संध्याकाळी वर्गात त्यांनी ती बंद खोली कुठे आहे तिकडे हात करून मान हलवली आणि आमच्या पाइपाकडे बोट दाखवून छातीवर हात ठेवला. "मी, हिअर. विथ यू." कुणी मागितलं नव्हतं. त्यांनी आपणहून सांगितलं.

पहिला भोंगा झाला तेव्हा नुकताच अंधार पडला होता. आम्ही ट्रेलर भरत होतो. क्रेनला पाइप लागलेला, जमिनीपासून दोन पुरुष उंच. ट्रेलरची पलीकडची बाजू इस्माईलभाईला केबिनमधून दिसायची नाही. तिकडे बेकसाहेब, शिट्टीने आणि हाताने त्याला सांगणारे. आम्ही दोऱ्या धरलेल्या. भोंगा सुरू झाला, आणि लगेच यार्डातले सगळे दिवे गेले, तशी ऑर्डरच होती. ऑफिसकडून कुणीतरी "बेक! बेक!" म्हणून हाक मारली.

आणि बेकसाहेब पळाले.

मी त्यांची पाठ बघितली. टोपी पडली, ती उचलायलाही थांबले नाहीत. ऑफिसचं दार उघडलं आणि बंद झालं. आम्हीही दोऱ्या टाकून पाइपात घुसलो, ते काही मी लपवत नाही. आत शिरल्यावर माझ्या ध्यानात आलं, इस्माईलभाई वर आहे. खाली कोण आहे, कोण नाही, त्याला दिसत नव्हतं. ओझं खाली सोडावं तर कुणाच्या अंगावर जाईल, सांगता येत नाही. ते हवेत धरून तो त्या काचेच्या केबिनमध्ये बसून राहिला. आकाशात काहीतरी फुटायचं, पांढरा उजेड पडायचा, आणि त्या उजेडात तो पाइप हलताना दिसायचा. राजय्या माझ्या शेजारी रामाचं नाव घेत होता. बाहेर जाऊन इशारा द्यायचा तर शिट्टी साहेबांच्या गळ्यात. खरं सांगायचं तर शिट्टी माझ्याकडे असती तरी मी गेलो नसतो.

सगळं शांत झालं. दिवे आले. बेकसाहेब मुखवटा हातात धरून चालत आले, आणि वर बघून थबकले. पाइप अजून हवेत होता. ते आपल्या जागेवर गेले. शिट्टी फुंकली, तिचा नीट आवाजही निघेना. हातांनी खुणा करून पाइप खाली घेतला. इस्माईलभाई उतरला आणि क्रेनच्या चाकाशी बसकण मारली. "पानी," म्हणाला. बेकसाहेब धावत गेले, दोन्ही हातांत ग्लास धरून आले. इस्माईलभाईने त्या ग्लासकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दत्ताराम, तू दे."

मी दुसरा ग्लास आणून दिला. साहेब तो भरलेला ग्लास घेऊन तसेच उभे.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या वेळी त्यांनी शिकवायला सुरुवात केली नाही. काठी टेबलावर ठेवली, पँट गुंडाळली, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. एवढंच म्हणाले, "पुक्करौन गॉ."

हा शब्द त्यांनी आम्हाला या रूपात कधी शिकवला नव्हता. पण शेपटी कापून काय होतं ते आता आम्हाला कळत होतं. लाजिरवाणं ते. आणि पुढे साराम नाही लावलं. गॉ लावलं.

कुणी उठलं नाही. एक केरळवाला म्हणाला, "छोडो साब, सबको डर लगता है." राजय्या म्हणाला, "घर में बच्चा लोग है आपका." मी म्हटलं, "जाऊ द्या साहेब, हो गया." आम्हाला वाटलं, आम्ही त्यांचा मान राखतोय. ते तसेच उभे. भात निवून गेला. शेवटी आचाऱ्याने भांडी आपटायला सुरुवात केली तेव्हा पँट सोडून निघून गेले, न जेवता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दिवसभर यार्डात ते तोंडातून शब्द काढायचे नाहीत. शिट्टी आणि हात, बस. पाइपावर थाप मारायचंही सोडलं. संध्याकाळी येऊन पोटरी पुढे करून उभे राहायचे, आम्ही "जाऊ द्या" म्हणायचो. मग पोरं वर्गाला यायची बंद झाली. बघवत नव्हतं. राजय्या म्हणायचा, हा माणूस असाच राहिला तर कंपनी त्याला परत धाडेल, आणि तिथे जाऊनही तो भिंतीकडे तोंड करूनच उभा राहील.

इस्माईलभाई त्या दिवसापासून मेसमध्ये वर्गाच्या वेळी फिरकला नव्हता. मी त्याच्या खोलीवर गेलो. नखं कापत बसला होता.

"इस्माईलभाई, तू ये. स्वतःला गॉ म्हणतायत ते. वर अडकला होतास तो तू. तू माफ केलंस की सुटतील ते."

"माफ करायला तो माफी मागतोय कुठे? तो मार मागतोय."

"मग मार एकदा आणि मोकळं कर त्यांना."

त्याने नेलकटर खाली ठेवलं. "अरे दत्ताराम, मना राग हाय अजून. लय राग हाय. रागात हाणली तर ती मारामारी झाली, ती मी गावच्या बंदरावर पण केली असती. राग जाऊ दे. मग बघतो."

"कधी जाईल?"

"ते काय माझ्या हातात हाय? नमाजला उभा राहिलो तरी तो पाइप हलतो डोळ्यांपुढे. जा आता, जीव नको खाऊ."

हे सगळं मी सुट्टीवर आल्यावर मंदाला सांगितलं होतं. ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "म्हणजे रोज तुम्ही त्यांना जाऊ द्या म्हणालात, आणि रोज तसेच उभे ठेवलेत." मला राग आला होता तिचा. म्हटलं, तू नव्हतीस तिथे, गप बस. तिने सूप परत पुढ्यात ओढलं. ती गेल्यापासून माणसं येतात, माझ्या खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, जाऊ द्या, दत्तारामभाऊ. चांगलीच माणसं आहेत. चहा पिऊन निघून जातात. मी तिथल्या तिथे.

किती दिवस गेले मी मोजले नाहीत. मधे भोंगे होत होते. एकाही भोंग्याला बेकसाहेब ऑफिसात गेले नाहीत, पण आमच्या पाइपातही आले नाहीत. बाहेर, गोणींना टेकून, उघड्यावर बसून राहायचे. आत या म्हटलं तर मान हलवायचे.

एका संध्याकाळी ते मेसमध्ये असेच पाठमोरे उभे होते. समोर आम्ही तिघं-चौघं. इस्माईलभाई आला. नमाज पढून आला होता, बाह्या अजून वर, जेवणासाठी धुतलेले हात ओले. त्याने हात लुंगीला पुसले. काठी उचलली, वाकवून बघितली. मला वाटलं, नुसती टेकवेल.

त्याने मारली. एकच. अख्ख्या मेसमध्ये आवाज झाला. आचारी पळीसकट बाहेर आला. साहेबांचा पाय लटपटला, पण त्यांनी भिंतीला हात लावला नाही. पोटरीवर वळ उठला तो बाकीच्या सगळ्या वळांहून रुंद.

इस्माईलभाईने काठी खिळ्याला लावली. मग त्यांच्या समोर जाऊन म्हणाला, त्या मोठ्या आवाजात नव्हे, "पुक्करौन साराम." आणि परत, बोट हलवून, "गॉ नाय. साराम."

बेकसाहेबांनी पँट खाली केली. दोन्ही कान धरले. मग फळ्यापाशी गेले. आमच्याकडे तोंड करून, हळू आवाजात म्हणाले, "खुदा."

"खुन गॉ," इस्माईलभाई बाकावर बसत म्हणाला. "चला, पुढचं सांगा. भूक लागलीय."

त्या रात्री भात परत निवला, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पुढचा भोंगा झाला तेव्हा बेकसाहेबांनी आधी शिट्टी दिली, हवेतलं ओझं सावकाश जमिनीवर टेकवलं, इस्माईलभाई उतरून येईपर्यंत क्रेनपाशी थांबले आणि मग त्याच्यामागून आमच्या पाइपात आले. आत जागा नव्हती. राजय्याच्या मांडीवर बसल्यासारखे बसले. थर्मास सोबत आणला होता. तो हातोहात फिरला. अंधारात एवढं बेचव पाणी आम्ही मिटक्या मारत प्यालो.

लढाई संपली. यार्डाचं काम आटोपलं आणि कोरियन माणसं परत निघाली. सकाळी फाटकापाशी मिनीबस लागली होती. आम्ही कुंपणाजवळ रांगेत उभे. बेकसाहेब नवीन पांढरा शर्ट घालून आले, हातात बॅग. बसजवळूनच आम्हाला हात केला. हसले. राजय्याला, केरळवाल्यांना, मला. छान हसले, वाईट वाटावं असं त्यात काही नव्हतं.

इस्माईलभाई रांगेत नव्हता. लांब क्रेनच्या सावलीत उभा होता, निरोपबिरोप त्याला आवडत नसे. बेकसाहेबांनी बॅग खाली ठेवली आणि खडीवरून चालत त्याच्यापर्यंत गेले. शर्टाचं गळ्याचं बटण लावलं. आणि गुडघे टेकले. दोन्ही हात जमिनीवर ठेवून कपाळ खडीला लावलं.

"अरे! अरे, काय करताय! उठा!" इस्माईलभाई ओरडला, ते आम्हाला इकडे ऐकू आलं. "साहेब, नाय! असं माणसासमोर नाय करायचं, गुनाह हाय, हे फक्त अल्लासमोर!" त्यांना काही कळत नव्हतं, किंवा कळूनही ते उठत नव्हते. शेवटी इस्माईलभाईच खाली बसला, त्यांच्या काखेत हात घालून त्यांना ओढायला लागला. ते काही हलेनात. मग दोघं तसेच खडीवर समोरासमोर बसून राहिले, एकमेकांचे दंड धरून. ड्रायव्हर हॉर्न देत होता.

आम्ही सगळे उभे होतो. पुढे जावं की नाही, कुणाला कळेना. कुणीच गेलं नाही.

मग बेकसाहेब उठले, बॅग उचलली आणि आमच्या समोरून बसमध्ये चढले. पँटीच्या दोन्ही गुडघ्यांना पांढरी धूळ लागली होती. त्यांनी ती झटकली नाही.